मारक्या बैलाला लोढणं, मग पिटबुल मोकळा कामून?

पोस्ट मोठी आहे. वेळ नसेल तर सोडून द्या. पण कुत्रेप्रेमी मित्रांनी शेवटपर्यंत वाचावी आणि मगच शिव्या घालाव्यात, एवढी विनंती.

मागच्या रविवारी माझा भाचा घरी आला. बावीस वर्षांचा आहे, पोरगं कष्टाळू आहे, हळदीच्या आडतीवर हिशेबाला बसतो. आल्या आल्या मोबाईल पुढे केला. "मामा, हे बघा." पडद्यावर पांढरं-तपकिरी, चपट्या तोंडाचं पिल्लू. गोड दिसत होतं, खोटं कशाला बोलू. म्हणलं, कुणाचं रे? तर म्हणे, "बुक केलंय. पिटबुल आहे. २५ हजार सांगत होता, २० वर आणलाय. पाच हजार ॲडव्हान्स टाकले."

बहिणीचं घर मला माहीत आहे. दोन खोल्या, पुढे पत्र्याचं शेड, दाराला लागूनच गल्ली. गल्लीत शेजारच्या तीन घरांची मिळून सात-आठ लेकरं खेळतात. म्हणलं, ठेवणार कुठं? म्हणे, "गच्चीवर." आणि चावलं कुणाला तर? यावर त्यानं जे वाक्य टाकलं ते तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय. "मामा, कुत्रं वाईट नसतंय. मालक वाईट असतो."

आज या एका वाक्यावरच लिहायचंय. इन्स्टावर, यूट्यूबवर, कुत्रे विकणाऱ्यांच्या तोंडी, शहरातल्या मोठ्या संस्थांच्या पत्रकांत, सगळीकडे हेच वाक्य. मला ते खोटं वाटत नाही. उलट चांगलंच खरं वाटतं, आणि भीती वाटते ती त्यामुळेच. कारण दोष मालकाचा असेल तर सांगा, मालक तपासतो कोण? आपल्या जिल्ह्यात वीस हजार रुपये फोनवरून टाकले की ट्रॅव्हल्सच्या डिकीत बसून पिल्लू येतं. घेणारा दारू पितो का, त्याच्यावर मारामारीच्या केसेस आहेत का, घराला कंपाउंड आहे का, त्यानं आयुष्यात कधी साधं गावठी कुत्रं तरी सांभाळलंय का, हे कुणी विचारत नाही. बंदुकीचंही तसंच आहे की. बंदूक वाईट नसते, धरणारा वाईट असतो. म्हणून सरकार बंदूक मोकळी विकत नाही, आधी धरणारा तपासतं, पोलिसांचा अहवाल मागवतं, जिल्हाधिकारी कार्यालयाच्या चकरा मारायला लावतं. म्हणजे "मालक वाईट असतो" हे वाक्य पिटबुलच्या मोकळ्या विक्रीच्या बाजूचं नाहीच. ते परवान्याच्या बाजूचं आहे.

आता माझी स्वतःची एक गोष्ट सांगतो. तीन वर्षं पोटात ठेवली आहे.

गाव सांगत नाही, जिल्ह्यातलंच आहे. दुपारची वेळ. एक बाई माळावरून तीन शेळ्या घेऊन गल्लीतून घरी निघाली होती. वाटेत एका वजनदार घराचं मोठं लोखंडी गेट. त्या घरी पिटबुल होता. गेट नीट लागलं नव्हतं. कुत्रं भुंकलं नाही, गुरगुरलं नाही, सरळ येऊन मधल्या शेळीचा गळा धरला. मी पन्नास पावलांवर चहाच्या टपरीवर होतो, पळत गेलो. लोकांनी काठ्या घातल्या, बादलीभर पाणी ओतलं, कुणी चप्पल फेकली. सोडेना. शेवटी त्या घरच्या गड्यानं गमजा त्याच्या गळ्यात घालून पीळ दिला तेव्हा तोंड सुटलं. दहा मिनिटं तरी गेली असतील. शेळी गाभण होती.

मालक बाहेर आला. चांगला माणूस आहे, मी ओळखतो त्याला. खिशातून नोटा काढल्या, बाईच्या हातावर ठेवल्या, वर हात जोडले. बाईनं नोटा मोजल्या नाहीत. माझ्याकडे बघून म्हणाली, "दादा, शेळीचं जाऊ द्या. माझी नात मागंच व्हती." मी मागे बघितलं. पाच-सहा वर्षांची पोर, भिंतीला पाठ लावून उभी.

संध्याकाळी मी बातमी दिली. चार ओळी. मथळा होता, 'मोकाट कुत्र्याच्या हल्ल्यात शेळी ठार'.

मोकाट. हा शब्द माझा. कुणी फोन केला नाही, कुणी दबाव आणला नाही. पण त्या घराची दिवाळीची अर्धं पान जाहिरात आमच्या पेपरला येते, हे लिहिताना माझ्या डोक्यात होतं. पाळलेलं कुत्रं एका शब्दात मोकाट झालं आणि मालक बातमीतून गायब झाला. हे आज लिहितोय कारण भाच्याला गच्चीवर कुत्रं ठेवू नको म्हणताना माझाच आवाज मला पोकळ वाटला.

आणि हे फक्त माझ्या चार ओळींचं नाही. सरकारी आकडेवारी बघा. २०२४ या एका वर्षात देशात कुत्रा चावल्याच्या ३७ लाख १७ हजार घटना नोंदल्या गेल्या. महाराष्ट्राचा आकडा ४ लाख ८५ हजारांच्या वर, म्हणजे देशात सगळ्यात पुढे असणाऱ्यांत आपण. यातली बहुतेक कुत्री रस्त्यावरचीच असणार, ते मी नाकारत नाही. पण दवाखान्यात केसपेपरवर 'डॉग बाईट' एवढंच लिहितात. कोणाचं, कोणत्या जातीचं, पट्टा होता का नव्हता, कुठंच लिहिलेलं नसतं. मग टीव्हीवर कुणीतरी सांगतं की पिटबुल जास्त चावतात याचा भारतात पुरावाच नाही. कसा असेल? लिहायचंच नाही म्हणलं तर पुरावा येणार कुठून!

जे समोर आलंय ते तरी बघू. जुलै २०२२, लखनौ. ८२ वर्षांच्या आजी घरी एकट्या असताना घरच्याच पिटबुलनं त्यांचा जीव घेतला. परका नव्हता, मुलानंच पाळलेला होता. मे २०२४, चेन्नई. महापालिकेच्या बागेत दोन रॉटवायलर पाच वर्षांच्या मुलीवर तुटून पडले. मुलगी कुणाची? बागेच्या वॉचमनची. आणि आपल्याच राज्यातलं, जुलै २०२५, मानखुर्द. उभ्या रिक्षात खेळणाऱ्या ११ वर्षांच्या मुलावर पिटबुल सोडला. मुलगा किंचाळतोय, हनुवटीला कुत्रं लटकलंय आणि मालक पुढच्या सीटवर बसून हसतोय. तो व्हिडिओ तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय, फॉरवर्डही केलाय. गुन्हा दाखल झाला.

या तिन्हीत एक गोष्ट मला सारखी टोचते. कुत्रं हौसेनं आणणारा वेगळा आणि रक्त सांडणारा वेगळा. म्हातारी, वॉचमनची पोर, रिक्षात खेळणारं लेकरू. आमच्याकडं शेळीवाली बाई. महागड्या कुत्र्याची हौस एकाची, धोका दुसऱ्याच्या अंगावर, आणि त्या दुसऱ्याला कधी कुणी विचारलेलं नसतं.

आता समोरच्या बाजूचं सगळ्यात जोरदार म्हणणं. ते टाळून पुढं जाणं बरोबर नाही. २०२२ मध्ये 'सायन्स' या नावाजलेल्या नियतकालिकात अमेरिकेतल्या संशोधकांचा अभ्यास आला. १८ हजारांहून जास्त कुत्र्यांच्या मालकांना प्रश्न विचारले, दोन हजारांवर कुत्र्यांचे जनुक तपासले. निष्कर्ष असा की एखादं कुत्रं स्वभावानं कसं निघेल हे त्याच्या जातीवरून फारसं सांगता येत नाही. स्वभावातल्या फरकापैकी जातीचा वाटा सरासरी ९ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे शांत पिटबुलही असतो आणि चिडका लॅब्रेडॉरही. प्राणीमित्र हा अभ्यास हातात धरून फिरतात, आणि अभ्यास चांगलाच आहे, मला मान्य आहे.

पण तो भडकण्याबद्दल आहे. भडकल्यावर काय होतं त्याबद्दल नाही. माझ्या दारातला मोत्या, गावठी, चौदा-पंधरा किलोचा, चिडला तर पोटरीला दात लावील आणि पळून जाईल. टाके पडतील, इंजेक्शनं घ्यावी लागतील. ४५-५० किलोचा रॉटवायलर त्याच रागात आला तर लहान लेकराचं काय राहील? दोघांचा राग सारखाच धरा, स्वभाव सारखाच धरा. वजन आणि जबडा सारखा नाही ना!

आणि पिटबुलच्या जबड्याला 'लॉक' असतं असं जे सांगतात ते थोतांड आहे. कुठलंही कुलूप-बिलूप नसतं. त्याची हाडं इतर कुत्र्यांसारखीच. फरक पैदाशीचा आहे. इंग्लंडात बैल बांधून त्याच्यावर कुत्री सोडायचा खेळ चालायचा. १८३५ साली कायद्यानं तो बंद झाला, मग लोक कुत्र्यांच्या झुंजी लावायला लागले. त्यासाठी बुलडॉग आणि टेरियर यांचा संकर केला. प्रत्येक पिढीत जे कुत्रं मार खाऊनही पकड सोडत नाही तेच पुढच्या पैदाशीला ठेवलं. गल्लीत मी जे बघितलं, काठ्या पडतायत तरी सोडत नाही, ते बिघडलेलं कुत्रं नव्हतं. ज्या कामासाठी माणसानं घडवलं तेच काम ते करत होतं. डोगो अर्जेंटिनो रानडुकराच्या शिकारीसाठी तयार केलेला. तुर्कस्तानचा कांगल लांडग्यापासून मेंढरं राखायला. रॉटवायलर जर्मनीतल्या रॉटवाइल गावच्या खाटकांची जनावरं हाकायला. ही सगळी कामाची कुत्री आहेत. काम काढून घेतलं, जागा काढून घेतली, आणि पत्र्याच्या शेडमध्ये तीन फुटी साखळीला बांधली.

हे दुसरं अंग कुणी बोलत नाही. आपला मे महिना तुम्हाला माहीत आहे. ४२-४३ डिग्री. लाईट जाते. अशा उन्हात गच्चीवर जाड केसांचं हस्की किंवा कॉकेशियन शेफर्ड बांधणं, ही काय हौस आहे का? कान कापून टोकदार करतात, कारण रीलमध्ये भारी दिसतं. रोज फिरवायला माणूस नाही. वर्षभर माणसाचा हात लागलेला नाही आणि एक दिवस साखळी तुटते. प्राण्यांना क्रूरतेनं वागवू नये म्हणून आपल्याकडं १९६० चा कायदा आहे. त्यात पहिल्या गुन्ह्याला दंड किती? १० ते ५० रुपये. आजच्या तारखेलाही तेवढाच. पन्नास रुपयांत हिंगोलीच्या बसस्टँडवर दोघांचा नाश्ता होत नाही.

मागे एकदा या विषयावर दोन ओळी लिहिल्या होत्या तर एका वाचकानं खाली लिहिलं, "नामदेव महाराजांच्या जिल्ह्यात राहून कुत्र्याच्या विरोधात लिहिता?" बरं झालं विचारलं. नर्सी आपल्या जिल्ह्यात आहे याचा मला तुमच्याइतकाच अभिमान आहे. कुत्रं भाकरी पळवून निघालं आणि नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागं धावले, कोरडी खाऊ नको म्हणून. ही गोष्ट मला आजीनं सांगितली, मी माझ्या लेकीला सांगितली. पण त्या गोष्टीतलं कुत्रं कुणी वीस हजाराला विकत घेतलेलं नव्हतं. त्याच्या गळ्यात साखळी नव्हती आणि त्याला पुढे करून कुणी गल्लीत रुबाब करत नव्हतं. ज्याला त्या कुत्र्याची दया येते त्यानं पिटबुलची पैदास थांबवायची मागणी आधी करावी.

आता सरकारनं काय केलं? केलं म्हणजे काय, १२ मार्च २०२४ ला केंद्राच्या पशुसंवर्धन विभागानं राज्यांना एक पत्र पाठवलं. २३ प्रकारची कुत्री 'हिंस्र', त्यांची आयात, पैदास, विक्री बंद, लोकांकडे आधीपासून आहेत त्यांची नसबंदी. टीव्हीवर दोन दिवस धुमाकूळ. पण ती यादी तुम्ही वाचली का? मी वाचली. टोसा नावाचं जपानी कुत्रं त्यात दोन वेगवेगळ्या नावांनी दोनदा आलंय. 'टेरियर' म्हणून सरसकट एक नाव टाकलंय. अहो, टेरियरमध्ये मांडीवर मावणारी, दोन-तीन किलोची खेळण्यासारखी कुत्रीही येतात! यादी करताना कुत्र्यांच्या एखाद्या जाणकाराला समोर बसवलं असतं तरी हे झालं नसतं. व्हायचं तेच झालं. लोक कोर्टात गेले. १० एप्रिल २०२४ ला कर्नाटक उच्च न्यायालयानं ते पत्रक रद्द केलं, ज्यांचा संबंध आहे त्यांचं म्हणणंच ऐकलं नाही म्हणून. दिल्लीतही ते टिकलं नाही. महिनाभराचं आयुष्य. घाईत केलेल्या कामानं नुकसान असं झालं की आता कुणी हा विषय काढला की समोरचा म्हणतो, "ते तर कोर्टानं उडवलं ना." कोर्टानं पद्धत उडवली, प्रश्न उडवला नाही.

आणि खरं सांगू का, नुसत्या नावांच्या यादीवर माझाही विश्वास नाही. नेदरलँड्सनं १९९३ मध्ये पिटबुलवर बंदी घातली, चावे कमी झाले नाहीत म्हणून २००८-०९ मध्ये उठवली. ब्रिटननं १९९१ मध्ये चार जातींवर बंदी घातली, तर लोकांनी 'एक्सएल बुली' नावाचं नवंच धूड आणलं. ते यादीत नव्हतं ना! माणसं मेल्यावर तेही यादीत घालावं लागलं, फेब्रुवारी २०२४ पासून तिथं ते विनापरवाना ठेवणं गुन्हा आहे. नाव बंद केलं की दुसऱ्या नावानं येतं. आपल्याकडं तर विकणारा काहीही नाव सांगेल. पिटबुल बंद झाला की 'अमेरिकन बुली' म्हणून विकेल, आणि घेणाऱ्याला फरक कळत नाही.

म्हणून मला यादीपेक्षा आपल्या आज्याची पद्धत पटते. गावात एखादा बैल मारका निघाला तर काय करायचे? सभा घेत नव्हते. बैल वाईट का धनी वाईट, यावर वाद घालत नव्हते. त्याच्या गळ्यात लोढणं अडकवायचे, पळायला गेला की लाकूड गुडघ्यात बसायचं. मळणीला गरीब बैलालासुद्धा मुसकं घालायचे. तो चोर आहे म्हणून नाही, तर तोंडापुढं धान्य आहे आणि तोंड आहे म्हणून. बैलाचा कुणी द्वेष केला का? पोळ्याला त्याच बैलाला पुरणपोळी चारायचे. ज्यानं मारका बैल मोकळा सोडला आणि कुणाला शिंग लागलं, त्या धन्याला गावात मान वर करता येत नव्हती. एवढी साधी अक्कल वीस हजाराचं कुत्रं घेताना कुठं जाते?

आता कायद्यात काहीच नाही असंही नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ आहे. आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाला धोका होऊ नये याची काळजी घेतली नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जुन्या आयपीसीत हेच २८९ होतं. पण त्याची गती बघा. मुंबईत नेपियन सी रोडवर २०१० मध्ये एका रॉटवायलरनं ७२ वर्षांच्या माणसाला चावे घेतले. मालकाला शिक्षा लागली जानेवारी २०२३ मध्ये. तीन महिने कैद, आणि त्यासाठी तेरा वर्षं. हे मुंबईच्या भारी वस्तीतलं, जिथं दोन्हीकडं वकील होते. आमच्या शेळीवाल्या बाईनं तेरा वर्षं तारखा करायच्या का?

आणि हे सगळं चावल्यानंतरचं. चावण्याच्या आधीचं आपल्याकडं काय आहे? २०१७ चे कुत्रे पैदास आणि विक्रीचे नियम आहेत. पैदास करणाऱ्यानं राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडं नोंदणी केली पाहिजे, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही, लसीकरण पाहिजे, हिशेब पाहिजे. भाच्याला म्हणलं, त्या विकणाऱ्याला नोंदणी नंबर विचार. त्यानं मेसेज टाकला. उत्तर आलं, "भाऊ घेयाचं असेल तर घ्या, टाईमपास नको."

मुंबई-पुण्यात कुत्र्याचा परवाना काढावा लागतो. गाझियाबादनं ऑक्टोबर २०२२ मध्ये ठरवलं की पिटबुल, रॉटवायलर आणि डोगो अर्जेंटिनोला नवा परवानाच मिळणार नाही, आणि आधीची असतील त्यांची नसबंदी, बाहेर काढताना मुसकं. म्हणजे शहराच्या पातळीवर मनात आणलं तर होतं. आपल्याकडं हिंगोली, वसमत, कळमनुरीला डिसेंबरात निवडणुका झाल्या. प्रचारात मोकाट कुत्र्यांचं आश्वासन बहुतेकांनी दिलं, मी स्वतः सभा कव्हर केल्यात. पाळीव कुत्र्याचा शब्द एकाच्याही तोंडून आला नाही. कारण मोकाट कुत्र्याला मत नसतं. पिटबुलच्या मालकाच्या घरात मात्र पाच-सहा मतं असतात आणि चौकात त्याचे बॅनर लागतात.

मी काय मागतोय तेवढं नीट ऐका, उगाच 'कुत्र्यांचा दुश्मन' म्हणून पाटी लावू नका. गावठी पाळा, हवं तेवढं पाळा. आपल्याच भागातलं कारवानी पाळा, धनगरांच्या वाड्यावर बघा काय रुबाब असतो त्याचा, आणि उन्हाला ते दाद देत नाही. भूतदया करायची तर रस्त्यावरचं एक पिल्लू उचला. पण वीस-पंचवीस किलोच्या वरचं, झुंजीसाठी किंवा राखणीसाठी घडवलेलं कुत्रं आणायचं असेल तर आणण्याच्या आधी नगरपरिषदेत या. आणल्यावर नाही, आधी. बंदिस्त जागा दाखवा. दोन्ही बाजूच्या शेजाऱ्यांची सही आणा. लेकरं त्यांचीही आहेत. नसबंदी करून घ्या, रेबीजच्या लसीचा कागद दाखवा, बाहेर काढताना आखूड पट्टा आणि तोंडाला मुसकं, आणि पट्टा मोठ्या माणसाच्या हातात. बारक्या पोराच्या हातात पिटबुलची साखळी देऊन किराणा आणायला पाठवणारे महाभाग मी बघितलेत. आणि कुणाला चावलं तर त्याच्या दवाखान्याचा सगळा खर्च मालकाकडून वसूल व्हावा, बाईच्या हातावर नोटा ठेवून मिटवू नये. हे जमत नसेल त्याला ते कुत्रं मिळू नये. बस.

"मोकाट कुत्र्यांचं काय?" हा प्रश्न खाली येणारच, म्हणून आत्ताच सांगतो. त्यांचा त्रास मोठा आहे, जास्त मोठा आहे. सर्वोच्च न्यायालयानं ७ नोव्हेंबर २०२५ ला शाळा, दवाखाने, बसस्टँड, रेल्वे स्टेशनच्या आवारातून मोकाट कुत्री हलवायला सांगितलंय. त्याचं आपल्या जिल्ह्यात काय झालं यावर वेगळी पोस्ट टाकणार आहे, फोटो जमा करतोय. पण एक फरक ध्यानात घ्या. मोकाट कुत्र्याला धनी नाही, तिथं नगरपरिषदेला जबाबदार धरताना घाम निघतो. या कुत्र्याला धनी आहे, घर आहे, पत्ता आहे, बिल आहे. सोपं काम तेच आहे, आणि तेच होत नाही.

पिटबुल ज्यांच्याकडं आहे आणि जे खरंच लेकरासारखं सांभाळतात, असे दोघे-तिघे माझ्या ओळखीत आहेत. एकजण पहाटे पाचला उठून कुत्र्याला शेताकडं नेतो, माणसांची वर्दळ सुरू व्हायच्या आत परत आणतो. त्याला ही पोस्ट आधी वाचायला दिली. तो म्हणाला, "दादा, नोंदणी केली तर मलाच बरं. आत्ता कुणाच्याही कुत्र्यानं काही केलं की लोक माझ्याकडं बघतात."

भाच्याचं काय झालं ते विचाराल. त्याला मी नाही म्हणालो नाही, बावीस वर्षांच्या पोराला नाही म्हणून उपयोग नसतो. शेळीची गोष्ट सांगितली. मथळ्याचीही सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामा, पाच हजार बुडतेत ना पण." अजून काही ठरलेलं नाही. बहीण रोज फोन करते.

नगरपरिषदेला द्यायचं निवेदन मी लिहून ठेवलंय. सोमवारी सकाळी ११ वाजता मुख्याधिकाऱ्यांकडं देणार आहे. सही करायची असेल त्यांनी रविवारी संध्याकाळपर्यंत घरी किंवा टपरीवर यावं. त्या बाईंना विचारलं होतं, त्यांनी पहिला अंगठा दिलाय.